तीन वर्ग केले, आता चौथा कोणता?

वाचकाचा प्रश्न

फोंडा तालुक्यातील ६२ वर्षांच्या एक वाचक भगिनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या आहेत. मुलगा आणि सून बेंगळुरूला असतात, घरी त्या आणि यजमान. निवृत्तीनंतर त्यांनी अल्पमुदतीचे तीन वर्ग केले: मोडी लिपीचा दहा दिवसांचा, जलरंगांचा सहा रविवारांचा आणि ख्याल व नाट्यसंगीत कसे ऐकावे याचा महिनाभराचा रसग्रहण वर्ग. तिन्ही आवडले, पण त्यांतले ‘काहीच येत नाही’ ही रुखरुख त्यांना लागून राहिली आहे. यजमान म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ शेजारणी विचारतात, ‘प्रमाणपत्र मिळाले, पण त्याचा उपयोग काय?’ पुढील सहा महिन्यांत एकाच वर्गासाठी पैसे काढायचे असे त्यांनी ठरवले आहे. समोर तीन पर्याय आहेत. गावातील गायनवर्गात लहान मुलांबरोबर बसून गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची वाट धरावी, पणजीत पोर्तुगीज भाषेच्या प्राथमिक वर्गाला जावे, की चतुर्थीच्या आधी होणाऱ्या महिलांच्या घुमटवादन (घुमट म्हणजे गोव्यातले मातीचे तालवाद्य) कार्यशाळेत नाव घालावे? ‘या वयात एक काहीतरी नीट शिकावे की हे असेच चालू द्यावे?’ असे त्या विचारतात. पत्राच्या अखेरीस, जाता जाता, त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. माहेरून आलेल्या ट्रंकेतील एका मोडी कागदावर त्यांना पणजोबांचे नाव वाचता आले.

सल्ला

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ‘काहीच येत नाही’ या तुमच्या वाक्यापाशी थोडे थांबणे मला आवश्यक वाटते, कारण तुमची सगळी अस्वस्थता त्या वाक्यात आहे आणि ते वाक्य मला पूर्ण खरे वाटत नाही. शाळा, कॉलेज आणि नंतर खात्यांतर्गत परीक्षा यांतून गेलेल्या आपल्या पिढीला एक सवय लागलेली आहे. शिकणे म्हणजे अभ्यासक्रम पुरा करणे, त्याची परीक्षा देणे आणि मग ते चारचौघांत करून दाखवता येणे, असे आपण धरून चालतो. त्या हिशेबाने तुम्हाला मैफलीत गाता येत नाही, दिवाणखान्यात टांगावे असे चित्र काढता येत नाही आणि मोडी कागद अस्खलित वाचता येत नाही, हे खरेच आहे. पण दहा दिवसांच्या, सहा रविवारांच्या किंवा महिनाभराच्या वर्गाने असे वचन कधी दिले होते? अल्पमुदतीचा वर्ग हा दीर्घ अभ्यासक्रमाचा कापून काढलेला तुकडा असतो, असे आपण मनोमन मानतो आणि मग तो अपुरा म्हणून त्याला बोल लावतो. त्याचे काम मुळातच निराळे आहे. तो पाहायला, ऐकायला आणि वाचायला शिकवतो.

याचा पुरावा तुमच्या पत्रातच आहे. पहिल्या पावसानंतर आवारातील चिऱ्यांची भिंत एका रंगाची राहत नाही, ओल जिरलेल्या जागी ती जांभळट दिसते आणि कोरड्या जागी नारिंगी, हे इतकी वर्षे त्याच घरात राहून आपल्याला कधी दिसले नव्हते, असे तुम्ही लिहिले आहे. जलरंगाच्या शिक्षणाचा गाभा नेमका हाच आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा राखावा लागतो, आणि एकदा रंग पडल्यावर तो कोरेपणा परत आणणे फार कठीण असते. म्हणून कुंचला उचलण्यापूर्वीच उजेड नेमका कुठे आहे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी समोरची वस्तू पूर्वी कधी पाहिली नसेल इतक्या बारकाईने पाहावी लागते. तुमच्या सहा रविवारांनी हे केले. संगीताच्या वर्गाचेही तसेच. देवळातल्या सप्ताहात पखवाजवाला समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणार हे आता आधीच कळते आणि तो आला की मान आपोआप हलते, असे तुम्ही लिहिता. ज्या श्रोत्याला सम कळते त्याच्यासाठी गाण्याचा डौलच बदलतो. फोंडा तालुक्यातल्या माणसाला तर या गोष्टीचे मोल निराळे सांगायला नको. ख्यातनाम गायिका केसरबाई केरकर तुमच्याच तालुक्यातल्या केरी गावच्या, आणि मंगेशकरांचे मंगेशी गाव तुमच्यापासून दूर नाही.

आता दुसरी बाजू. तुमची नुसती समजूत काढावी, असे मला वाटत नाही. गळा, बोटे आणि मनगट सहा आठवड्यांत तयार होत नाहीत. केसरबाईंचेच उदाहरण घ्या. १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई १९२१ च्या सुमारास अल्लादियाखाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या तेव्हा त्या गाणे नव्याने सुरू करणाऱ्या नव्हत्या, आणि तरीही त्यानंतर त्यांनी वर्षानुवर्षे तालीम घेतली. कलावंत घडतो तो असा. त्या वाटेला अल्पमुदतीचा वर्ग पर्याय नाही, आणि जो वर्ग चार आठवड्यांत ‘कलाकार’ बनवण्याची जाहिरात करतो त्यापासून चार हात दूर राहिलेलेच बरे.

वयाविषयीही सांगायला हवे, कारण ‘या वयात’ हे शब्द तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतात. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रात डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वर्षे वयाच्या लोकांवर केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना डिजिटल छायाचित्रण, काहींना गोधडीकाम आणि काहींना दोन्ही शिकवले, तर काहींना नुसते एकत्र जमून गप्पा, सहली आणि करमणूक दिली. तीन महिन्यांनी नवे काही शिकणाऱ्यांच्या, विशेषतः छायाचित्रण शिकणाऱ्यांच्या, स्मरणशक्तीत सुधारणा दिसली. मात्र ही मंडळी आठवड्याला सुमारे १५ तास त्या कामात होती, आणि सल्ला देणारे बहुतेक लोक हा तपशील गाळतात. आठवड्यातून एकदा दोन तास वर्गाला जाऊन आले आणि उरलेले सहा दिवस वही मिटून ठेवली, तर असा परिणाम मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

म्हणून माझ्या मते तुमचा दोष तीन निरनिराळे वर्ग करण्यात नाही. प्रत्येक वर्ग संपला त्या दिवशी तो विषयही संपला, खरी अडचण ती आहे. अल्पमुदतीचा वर्ग संपतो तेव्हा त्याचे अर्धेच काम झालेले असते. उरलेले अर्धे घरी, फीशिवाय आणि शिक्षकाशिवाय करायचे असते, आणि पुढचा वर्ग कोणता निवडावा हेही त्या उरलेल्या कामातूनच कळते. त्या कसोटीवर तुमचे तीन पर्याय पाहू.

गायनाच्या परीक्षांविषयी माझे मत स्पष्ट आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही शिडी उत्तम आहे. साठीनंतर तिच्यावर पाय ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि लहान मुलांच्या शेजारी बसून अलंकार घोकण्यात कमीपणा मुळीच नाही. पण तुमच्या पत्रात या पर्यायाला एकच ओळ मिळाली आहे, आणि तीही अशी: ‘निदान परीक्षा दिली तर कुणी नाव ठेवणार नाही.’ नाव ठेवले जाऊ नये एवढ्यासाठी रोज पहाटे तंबोऱ्याच्या ॲपसमोर बसणे कुणालाच फार दिवस जमत नाही. उद्या खरोखर गावेसे वाटले, स्वर लावावाच अशी तळमळ लागली, तर तो वर्ग गावातच आहे.

पोर्तुगीजचा पर्याय आणि तुमची ट्रंक यांचा एकत्र विचार करायला हवा. तुम्ही तो विचार केलेला दिसत नाही, याचे मला थोडे आश्चर्य वाटले. फोंडा हा नव्या काबिजादींचा, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखाचा भाग. अठराव्या शतकात पोर्तुगीज अंमल येईपर्यंत इथल्या भूमीवर मराठे आणि सोंदेकर यांची सत्ता राहिली, आणि त्यानंतरही घरगुती व देवस्थानचे व्यवहार मराठीत, मोडीत होत राहिले. सरकारी दस्तऐवज मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजमध्ये. त्यामुळे आपल्या जुन्या घरांतल्या ट्रंकांमध्ये दोन्ही लिप्यांचे कागद एकमेकांना चिकटलेले सापडतात. तुमच्या ट्रंकेत काय आहे हे पाहण्याआधी पोर्तुगीजच्या वर्गाला पैसे भरू नका. आधी कागद वेगळे करा. पोर्तुगीज कागद पुष्कळ निघाले तर त्या वर्गाला जायला एक खरे कारण मिळेल. तेव्हाही एवढे ध्यानात असू द्या की प्राथमिक वर्गातून बोलण्यापुरती भाषा येते, जुन्या नोटरीचे गिचमीड हस्ताक्षर वाचणे ही वेगळी विद्या आहे.

मोडीकडे मात्र तुम्ही आजच परत जा. पणजोबांचे नाव वाचता आले हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. दहा दिवसांत अक्षरओळख झाली, ती टिकली आणि स्वतःच्या घरातल्या कागदावर लागू पडली, याहून एखाद्या वर्गाचे यश ते काय असावे? मोडी अवघड वाटते ती तिच्या धाटणीमुळे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जायचे, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळायचा नाही, असा तो सगळा प्रकार. म्हणून अक्षरे ओळखता आली तरी शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे ठरावीक ठिकाणांपासून वाचायला सुरुवात करणे. दस्तऐवजात मायना, तारीख, ‘मौजे’, ‘बितपशील’, ‘बाकी’ अशा गोष्टी ठरलेल्या जागी येतात; त्या आधी शोधा, मग नावे, मग आकडे, आणि मधला मजकूर सर्वांत शेवटी. शक दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९; म्हणजे शके १७९७ असेल तर तो कागद १८७५-७६ चा. एका वहीत डाव्या पानावर कागदातली ओळ जशीच्या तशी उतरवा आणि उजव्या पानावर देवनागरीत लिहा. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवून पुढे जा. तेच अक्षर आणखी तीन ओळींनंतर एखाद्या ओळखीच्या शब्दात भेटते आणि मागची टिंबे भरता येतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी हे काम केले तरी पुरे.

कागदांना हात लावण्याआधी त्यांचे मोबाइलवर, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढून ठेवा आणि वाचन फोटोवरूनच करा, म्हणजे अक्षर मोठे करूनही पाहता येईल. फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावू नका आणि कुणी कितीही सांगितले तरी लॅमिनेशन करू नका. आपल्या दमट हवेत तसा बंद केलेला कागद आतल्या आत खराब होतो, आणि ते आवरण मागाहून काढू गेले तर कागदच हाती येत नाही. कागद महत्त्वाचे आहेत असे वाटले तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात चौकशी करा. त्या संग्रहाची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, आणि त्यात पोर्तुगीजबरोबर मोडीतील कागदही आहेत.

राहिला घुमट. त्याच्याविषयी तुम्ही जवळजवळ अर्धे पान लिहिले आहे, आणि ते वाचताना तुमचा आवाज बदललेला जाणवतो. लहानपणी चतुर्थीला आरती रंगात आली की बायका आतल्या खोलीत आणि घुमट पुरुषांच्या मांडीवर, आणि आपल्याला तो नुसता हात लावून पाहायचा होता, हे तुम्ही लिहिले आहे. मग त्या वर्गाला जा. एवढे कारण पुष्कळ झाले. मातीच्या मडक्यासारख्या त्या वाद्याच्या मोठ्या तोंडावर कातडे असते आणि लहान तोंड उघडे. उजव्या हाताची बोटे कातड्यावर चालतात आणि डावा तळवा उघड्या तोंडाशी कमी-अधिक झाकून नाद खोल किंवा मोकळा केला जातो. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. घोरपड संरक्षित प्राणी ठरल्यावर ते बेकायदा झाले. आता बकऱ्याच्या कातड्याचे घुमट मिळतात आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. विकत घेताना कातडे कशाचे आहे हे विचारून घ्या. कार्यशाळेत शक्यतो त्यांचेच वाद्य वापरा आणि हात बसेपर्यंत स्वतःचे घेऊ नका. मांडी घालून बसणे गुडघ्यांना झेपत नसेल तर खुर्चीवर बसून वाजवता येईल का, हे शिक्षकांना आधीच विचारा. संकोच करू नका. या कार्यशाळेतून तुम्ही सुवारीचे (घुमटाच्या पारंपरिक समूहवादनाचे) दोन-तीन ठेके घेऊन आलात आणि येत्या चतुर्थीला घरच्या आरतीत साथीला बसलात, तर तो वर्ग त्या घरापुरता पूर्ण झाला, आणि त्याला प्रमाणपत्राची गरज नाही.

म्हणजे पैसे घुमटासाठी आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोडीसाठी, असे माझे मत आहे. एकच काहीतरी निवडायचे हा नियम तुम्ही पैशांमुळे केला होता, आणि ट्रंकेतले कागद वाचायला पैसे लागत नाहीत.

यजमानांविषयी थोडे लिहिते. त्यांचा टोमणा तुम्हाला लागला आहे, आणि तो लागावा असाच आहे. परंतु ‘रविवारी हुमण-भात करून झाकून ठेवते आणि जाते’ असेही तुम्ही लिहिले आहे. नोकरीच्या काळात दोघेही दिवसभर बाहेर असायचे. आता निवृत्तीत रविवारची दुपार त्यांच्या वाट्याला एकट्याने येते आणि त्याविषयी बोलणे त्यांना जमत नसेल, तर तक्रार वर्गांच्या नावाने निघते. असे असेलच असे नाही, पण विचारून पाहायला हरकत नाही. वर्ग शक्यतो रविवार सोडून घ्या. त्यांना वर्गाला ओढून नेऊ नका. त्याऐवजी मोडी कागदातली गावांची, भाटांची (माडांच्या बागांची) आणि शेतांची नावे लागली की ती त्यांना वाचून दाखवा. शेजारणींना मात्र उत्तर देणे लागत नाही.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी काही गोष्टी. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ मध्ये निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू झाले. ती कल्पना ब्रिटनमध्ये गेल्यावर तिने निराळे वळण घेतले: तिथे सभासदच एकमेकांना शिकवतात आणि परीक्षा नसतात. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांनी हेच पिढ्यानपिढ्या केले आहे, तेव्हा हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. वर्ग संपताना सोबतच्या दोघा-तिघांचे फोन नंबर घ्या आणि पंधरवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी किंवा ग्रंथालयात भेटायचे ठरवा. एकट्याने सुरू ठेवलेला छंद पावसाळ्यात बंद पडतो, सोबत असली तर टिकतो.

वर्ग निवडताना जाहिरातीपेक्षा शिक्षकाशी पाच मिनिटे बोलणे अधिक उपयोगी पडते. वर्गात किती जण असतील, शेवटच्या दिवशी शिकणाऱ्याकडून काय अपेक्षा असेल, घरी रोज किती वेळ द्यावा लागेल, साहित्याचा खर्च फीमध्ये धरला आहे की वेगळा, आणि एक तास नुसते बसून पाहता येईल का, एवढे विचारा. ‘घरी काही करावे लागणार नाही’ असे उत्तर आले तर तो वर्ग करमणुकीचा समजा आणि तेवढ्याच अपेक्षेने जा. कला अकादमी, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, कुडचडे आणि साखळीची रवींद्र भवने, पर्वरीची गोमंतक मराठी अकादमी, आल्तिनोचे सुनापरांत, पिळर्णचे म्युझियम ऑफ गोवा आणि पाटोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय, यांपैकी जी संस्था जवळ असेल तिथे काय चालू आहे याची विचारपूस दर दोन महिन्यांनी करत राहा. पणजीतला संध्याकाळचा वर्ग घेण्याआधी वर्ग सुटल्यावर गावी परतायला कदंब किंवा खासगी बस मिळते का ते बघा, कारण ‘शेवटची बस चुकेल’ या धास्तीने अर्धा तास आधी उठणाऱ्याचा अखेरचा आणि बहुधा सर्वांत मोलाचा भाग राहून जातो. तुमच्या गावातून येणारी आणखी एक बाई त्या वर्गात असेल, तर रिक्षाचे भाडे वाटून घेता येते.